पानिश ब्रँडी

ग्लास दोन्ही तळहातांत धरायचा, गारठलेलं कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. डोळे मिटायचे. नाक आधी, ओठ मागून. मग एक लहानसा घोट घेऊन तो डाव्या गालातून उजव्या गालात, तिथून जिभेखाली असा फिरवायचा आणि सगळ्यांकडे पाठ करून पितळी पिकदाणीत टाकून द्यायचा. तीन चुळा भरायच्या. खांद्यावरच्या पंचानं ओठ टिपायचे आणि आमच्याकडे वळून म्हणायचं, "जीभ दुकानाची. घसा माझा."

एवढं झालं की दुकानात आलेल्या नव्या मालाचा निकाल लागला असं समजायचं.

लढाईच्या दिवसांत नगरच्या कॅम्पात एका पारशी शेठच्या दुकानात मी कारकून होतो. पुढच्या बाजूला बिस्किटं, डबाबंद लोणी, बूटपॉलिश; मागच्या बाजूला दारू. त्या मागच्या बाजूचा कारभार या गृहस्थांकडे होता. त्यांना सगळे आबदार म्हणत. आब म्हणजे पाणी. गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये पाण्यापासून शँपेनपर्यंत जे जे ओतता येतं ते ते सांभाळणारा माणूस तो आबदार. यांचे वडीलही आबदार होते आणि हे स्वतः तीस वर्षं मेसमध्ये होते. मेस सुटल्यावर आमच्या शेठनी त्यांना जिभेसकट उचलून दुकानात आणलं. खरं नाव त्यांना होतंच, पण ते घरच्यांखेरीज कुणी वापरत नसे. मी त्यांना चाचा म्हणायचो आणि ते मला कारकून म्हणायचे.

तुम्ही म्हणाल, पाच वेळा नमाज पढणारा माणूस आणि तोंडात दारू? मीही पहिल्याच आठवड्यात, बावीस वर्षांच्या माणसाला शोभेल इतक्या आगाऊपणानं, तेच विचारलं होतं. आबदार रागावले नाहीत.

"तोंडातल्याचं काय ते वर गेल्यावर बघू," ते म्हणाले. "पन घशाखाली एक थेंब गेला न्हाई, एवढं मी मान वर करून सांगीन."

ती जीभ मात्र विलक्षण होती. एकदा भिस्त्यानं पखालीतून माठात ओतलेलं पाणी पिऊन ते म्हणाले, "आज दुसरी विहीर. चिंचेचा पाला पडलाय तिच्यात." भिस्ती आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला आणि मग त्यांच्या पाया पडला. शेठच्या घरून जेवणाचा डबा आला की आबदार झाकण उघडायच्या आधीच सांगत, आज बाईंनी मीठ दोनदा टाकलंय. शेठ चिडून पहिला घास घेत आणि पाण्याचा तांब्या मागवत.

तर लढाई पेटली, फ्रान्स पडलं आणि आमची फ्रेंच ब्रँडी यायची बंद झाली. पेन्शनर मंडळी येऊन रिकाम्या फळीकडे घरातलं कुणी गेल्यासारखी बघत उभी राहत. अशात एक दिवस गोव्याच्या वाटेनं एक नमुन्याची पेटी आली. आत बाटल्या, बाटल्यांवर सोनेरी अक्षरं. स्पेनची ब्रँडी. किंमत फ्रेंचच्या निम्म्याहून कमी.

"स्पेन?" शेठ म्हणाले. "अरे, ते लोक बैलाशी मारामारी करतात. ब्रँडी कधी करतात?"

आबदारांनी ग्लास हातात घेतला. नाक गेलं, ओठ गेले, डोळे मिटले. आम्ही सगळे उभे.

"मनुका," ते तोंडातल्या तोंडात बोलले. तोंड भरलेलं असूनही स्वच्छ बोलायची कला त्यांना साधली होती. "काळी, रातभर भिजवल्याली." मग पुन्हा बराच वेळ नुसते गाल हलले. "मागनं काकवी. श्रीगोंद्याकडं गुऱ्हाळावर कढई उतरवत्यात, तवा वारा आपल्याकडं फिरावा, तेवढीच. जास्ती न्हाई." मग कपाळाला आठ्या पडल्या. "आनि सुतार."

"सुतार?" शेठ दचकले.

"सुताराचं दुकान. जुन्या लाकडाला रंधा मारल्याव भुसा पडतो ना, त्यो. अक्रोड बी हाय, पन त्यो लाजतोय."

एरवी एवढं झालं की ते लगेच पिकदाणीकडे वळत. त्या दिवशी वळेनात. मी त्यांच्या कंठमण्याकडे बघत राहिलो. तो हलला नाही, पण हलायचं त्याच्या मनात आहे असं मला स्पष्ट दिसलं. अखेर ते वळले. आणि चुळा भरून झाल्यावर नेहमीचं वाक्य न म्हणता म्हणाले, "शेठ, घ्या."

"पण एवढी स्वस्त? स्वस्त माल चांगला कसा असेल?"

"माझी जबान देतो."

जबान म्हणजे जीभ आणि जबान म्हणजे शब्द. आबदारांच्या बाबतीत या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्याच. तीस वर्षांत त्यांनी कुठल्याही बाटलीसाठी ती दिली नव्हती, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. शेठनी बैलगाडी भरून माल मागवला.

दाराजवळ काळा फळा होता. त्यावर खडूनं मी सुबक अक्षरात लिहिलं, "स्पॅनिश ब्रँडी आली आहे." माझं अक्षर चांगलं होतं. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. लोक येत, फळा वाचत, तोंड वाकडं करत आणि निघून जात. पहिला आठवडा आम्ही म्हटलं, नवीन माल आहे. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, ऊन फार आहे. महिना झाला. मागच्या खोलीत पेट्या छतापर्यंत लागलेल्या. त्यांतली एकही हलली नाही.

शेठ मनानं वाईट नव्हते, पण एके दिवशी बोलून गेले, "आबदार, तुझा जीभ म्हातारा झाला."

आबदारांनी पंचा खांद्यावरून काढला, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकला. त्यानंतर त्यांच्याकडे बघवत नसे. माठातलं पाणी ते नुसतं प्यायचे, विहिरीबद्दल काही बोलायचे नाहीत. शेठचा डबा आला तरी मान वर करायचे नाहीत. त्यांच्या सुनेनं तर एकदा कुणाहाती मला निरोप पाठवला, सासऱ्यांना बरं नाही का? काल जेवताना त्यांनी मलाच विचारलं, मीठ बरोबर हाय का म्हणून.

ही कोंडी फोडली एका सुभेदारानं. पाथर्डीकडचा पेन्शनर, पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. त्याच्या मिशा एवढ्या होत्या की तो दारातून आत यायच्या आधी त्या येत. सुनेचं बाळंतपण झालेलं, डॉक्टरनं तिला चमचाभर ब्रँडी सांगितलेली. चमचा सुनेला आणि उरलेली बाटली कुणाला, हे आम्ही विचारत नसू. मी बाटली पुढे केली. त्यानं हात मागे घेतला.

"ही नगं. खरी द्या."

"ही खरीच आहे, सुभेदारसाहेब."

"मला लिवता-वाचता येतंय, म्हटलं. पानिश हाय ही. पानी घातल्याली. बोर्डाव लावायला लाज न्हाई वाटत, त्ये एक बरं हाय तुमचं."

आबदार आतून ताडकन बाहेर आले. फळ्यासमोर उभे राहिले. दार अरुंद होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्याला लागून सुरुवातीचं अक्षर झिजून झिजून गेलं होतं. वरची चंद्रकोर घासून घासून खाली ओघळली होती आणि तिचा काना झाला होता. फळ्यावर स्वच्छ उभं होतं, "पानिश ब्रँडी आली आहे."

"कारकून," आबदार अगदी हळू आवाजात म्हणाले. "ह्यातला स कुठाय?"

मी बाटलीमागे लपता येतं का ते बघत होतो.

"पानी?" आता ते सुभेदाराकडे वळले. आवाज चढला होता. "आबदार हाय मी! बापापासनं पान्याची चाकरी केली. पानी कुठं हाय आन् कुठं न्हाई, ह्ये मला शिकवता?"

"मी कुठं शिकवतोय? तुमीच लिवलंय."

आबदारांनी शेगडी, पळी आणि काडेपेटी मागवली. मेसमध्ये रमचा संशय आला की पेटवून बघत; पाणी असेल तर पेटत नाही. दुकानाच्या पायरीवर त्यांनी बैठक मारली. पळीत ब्रँडी ओतली, शेगडीवर कोमट केली आणि काडी लावली. एव्हाना गर्दी जमली होती.

भर दुपार होती. ब्रँडीची ज्योत असते निळी, पातळ, आणि नगरच्या उन्हात ती कुणाला दिसेना.

"पेटली," आबदार म्हणाले.

"कुठं?" गर्दी म्हणाली.

"पेटलीय की!"

"कुठं पेटलीय? पानीच हाय," सुभेदार म्हणाला आणि खात्री करून घ्यायला पळीवर वाकला.

चर्र असा आवाज झाला. जळक्या केसांचा वास सगळ्या पायरीवर पसरला. सुभेदार सरळ उभा राहिला, तेव्हा त्याची डावी मिशी निम्मी उरली होती. आबदारांचा चेहरा पांढरा पडला. सुभेदारानं ओठावर हात फिरवला, बोटाकडे बघितलं, बोटाचा वास घेतला.

"व्हय," तो गंभीरपणे म्हणाला. "खरी हाय. दोन द्या."

आठ दिवसांत सगळा तालुका आमच्या दारात. कुणी स्पॅनिश म्हणेना, पानिश म्हणेना. "ती मिशीवाली द्या," म्हणत. जामखेडच्या खर्ड्याहून एक जण आला, त्यानं घरून शेगडीच आणली होती, पेटवून दाखवा म्हणाला. मी फळा धुऊन तेलाच्या रंगानं पुन्हा लिहिला आणि स एवढा मोठा काढला की ब्रँडीला जागा कमी पडली. शेठनी आबदारांच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "तुझा जीभ जवान आहे." सुभेदारानं दुसरी मिशीही कापून घेतली आणि पलटणीत हल्ली अशीच ठेवतात असं गावात सांगितलं.

सगळे खूश. एक आबदार सोडून.

शनिवारी दुपारी शेठ जेवून लवंडले होते. आबदार मागच्या खोलीत एका पेटीवर बसलेले.

"आता काय झालं, चाचा? तुमची जबान खरी ठरली."

"कशानं ठरली? पेटली म्हनून खपली ती. राकेल बी पेटतं."

मी शेजारच्या पेटीवर टेकलो.

"एक सांगू कारकून, हसू नको. मी अर्ध्या वाटंवरनं माघारी येतो. जिभेपातुर मला समदं ठावं हाय. फुडं काय हुतं? जिभेव गोड बोलून फुडं जाऊन दगा देती का? तीस वर्सं सायबांना, सुभेदारांना सांगत आलो, चांगली हाय, घ्या. आन् मला निम्मीच ठावं. बाकीच्या बाटल्यांचं जाऊ दे. हिच्यापायी मी जबान दिलीय." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आलंच नाही. "तू पी. आन् मला फुडचं सांग."

आमच्या घरात तोवर खोकल्याच्या औषधापलीकडे कुणाची मजल गेली नव्हती. पण एवढ्या मोठ्या माणसानं असं काही मागितलं तर नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही होती.

पहिल्या शनिवारी मी गटकन गिळलं आणि पाच मिनिटं खोकत राहिलो.

"ह्ये औषध न्हाई आन् पैज बी न्हाई," आबदार म्हणाले. "हातात धर. ऊब दे तिला. घाई करू नको, ती लांबनं आलीय."

मग हळूहळू मला जमायला लागलं. ग्लास तळहातांत कोमट होतो तसा वास वर येतो. आधी नुसता झोंबतो, मग मऊ होतो. तिसऱ्या शनिवारी मला मनुका सापडली. पाचव्या शनिवारी काकवी. सुतार सापडला त्या दिवशी मी ओरडलोच, आणि आबदारांना माझ्याहून जास्त आनंद झाला. अक्रोड मात्र माझ्याशी अखेरपर्यंत लाजला. एवढ्या कमी पैशांच्या बाटलीत एवढी माणसं राहत असतील असं मला वाटलं नव्हतं.

पण त्यांना हवं होतं ते पुढचं. मी घोट गिळला की ते माझ्या गळ्याकडे टक लावून बघत. एखाद्या मोटारीची वाट बघावी तसे विचारत,

"कुठवर आली?"

"छातीशी."

"थांबली का?"

"नाही."

"मग चालू दे. आता?"

"पोटात पोचली."

"कसं वाटतंय?"

"गरम वाटतंय."

"गरम चहा बी असतो."

पुढच्या खेपेला मी तयारी करून गेलो. म्हणालो, "आत शेगडी पेटल्यासारखं वाटतं, चाचा."

"कोळशाची का शेनकुटाची?"

मला सांगता येईना. पुन्हा एकदा म्हणालो, "बरं वाटतं." त्यावर ते म्हणाले, "बूट काढल्याव बी बरं वाटतं." मॅट्रिकला मराठीत मला चांगले गुण होते, पण आबदारांपुढे मी दर शनिवारी नापास होत राहिलो. ते दर शनिवारी निराश होत आणि पुढच्या शनिवारी पुन्हा ग्लास पुसून ठेवत. आयुष्यात मला अनेकांनी अनेक गोष्टी शिकवल्या, पण माझ्या घशाकडे एवढ्या आशेनं कुणी बघितलं नाही. ते शनिवार मला फार आवडत.

लढाई संपली. राज्य बदललं. मग आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आली. मागची खोली सील झाली, डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायच्या दोन-चार बाटल्या तेवढ्या शेठच्या कपाटात राहिल्या. शेठनी आबदारांना बिस्किटांवर बसवलं. बिस्किटाला जीभ लागत नाही. डबा उघडायचा आणि मोजायचं. दोन महिने त्यांनी ते केलं आणि एक दिवस शेठना सलाम करून ते घरी गेले.

ते वारले त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना भेटलो. हिवाळा होता, छातीत कफ झाला होता. डॉक्टरनी चमचा-चमचा ब्रँडी लिहून दिली आणि ती चिठ्ठी घेऊन सूनबाई दुकानात आल्या. शेठनी कपाटातून बाटली काढली. ती त्या मालातली शेवटचीच होती. मीच ती सायकलवरून घेऊन झेंडीगेटजवळच्या त्यांच्या घरी गेलो.

आबदार भिंतीला टेकून बसले होते. फार वाळले होते. सूनबाईंनी चमचा भरला. त्यांनी मान फिरवली.

"औषध म्हनून चालतं, अब्बा," त्या म्हणाल्या. "मौलवीसायबांनीच सांगितलं."

"चालतं त्ये मला बी ठावं हाय. मला चालवायचं न्हाई."

मीही समजावून बघितलं. डॉक्टरचा हवाला दिला, रागावलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आनलीच हाईस तर तू घे एक घोट. हितं घरात न्हाई. मागं जा. आन् येऊन सांग."

मी कान तुटलेला एक कप घेऊन घरामागे गेलो. तिथं एक शेळी बांधलेली होती. भर सकाळी, दारूबंदीच्या राज्यात, औषधाच्या बाटलीतला घोट घेऊन मी शेळीसमोर उभा. कप दोन्ही हातांत धरला. वास आला, सगळी मंडळी आली, मनुका, काकवी, सुतार. घोट तोंडात घेतला आणि तो खाली जाईना. शेळी माझ्याकडे बघत होती. बऱ्याच वेळानं तो उतरला.

मी आत येऊन त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं.

"उतरली?"

"उतरली. आधी अडकली होती."

"मग?"

मी ठरवून काही बोललो नाही. जे झालं ते सांगितलं. "मग मला तुमचा राग आला, चाचा. डॉक्टरचं ऐकत नाही म्हणून. ती छातीशी आली तशी रडू आलं. मग पोटात पोचली, आणि राग गेला. तुम्ही मला प्यायला शिकवलंत ते आठवलं. एवढ्या जणांतून मलाच विचारलंत, त्याचं फार बरं वाटलं. अजून वाटतंय."

आबदारांचे डोळे मिटलेले होते.

"ह्ये समदं एका घोटात?"

"एका घोटात."

"मग लई स्वस्त हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एवढा निवांत झाला की मी बघतच राहिलो. मग त्यांनी डोळे उघडून सूनबाईंना हाक मारली आणि मला चघळायला दोन वेलदोडे द्यायला सांगितले, वाटेत पोलीस चौकी होती म्हणून.